आधी दिवाणला, मग ह्यांना

...आणि वर मलाच म्हणतात, देवीपुढं नाक घास! का म्हणून घासू? तुम्ही पाच-सात जणी बसल्या आहात ना इथं पायरीवर सावली धरून, कुणी लेकुरवाळ्या, कुणी लेकरू मागायला आलेल्या, तुम्हीच सांगा, माझं चुकलं काय? सासूबाई तिकडं रांगेत उभ्या आहेत, आमचे हे नारळ घ्यायला खाली गेलेत, मी पोरीला घेऊन जरा टेकले, तर तिथून मान वळवून ओरडतात कशा, "रंभे, बसू नको व माय, आधी नाक घास! तीन वरीस तरसवलं तू मह्या घराले!" मी तरसवलं! मी! अहो, तीन वर्षं त्या घरात पाळणा हलला नाही तो कुणामुळं, हे एक मला माहीत, एक त्या जनावरांच्या डॉक्टरला आणि एक या वर बसलेल्या इच्छादेवीला. पण खापर कुणाच्या डोक्यावर? माझ्या!

सरका थोड्या, पोरीच्या तोंडावर ऊन येतंय. हां. आता ऐका.

मी मूळची बुऱ्हाणपूरची. बाप गिरणीत कामाला, मी चौथी पास, आणि दिली कुठं, तर दापोऱ्याला. केळीची बाग, दोन विहिरी, दावणीला नऊ जनावरं, आणि त्या सगळ्यांच्या वरताण एक दिवाण. दिवाण म्हणजे कुणी माणूस नाही हो, सांड! निमाडी जातीचा, तांबडाबुंद, अंगावर पांढरे शिंतोडे, वशिंड असं की सासूबाई त्याला रोज मीठ-मिरच्या ओवाळायच्या. मला लग्नानंतर एकदा ओवाळलं, ते पण मिरच्या उरल्या होत्या म्हणून. लग्न होऊन घरात पाऊल टाकलं तर पहिला नमस्कार देवाला, दुसरा सासऱ्यांच्या फोटोला आणि तिसरा दिवाणला. त्यानं माझ्या शालूचा पदर चघळला. सगळे म्हणाले, शुभ आहे!

आणि या घरात एक रीत. पोळ्याला बैल आधी जेवतो, मग माणूस, हे तर तुमच्या-आमच्या सगळ्यांकडं आहे, त्यात नवल नाही. पण आमच्याकडं ते बाराही महिने! आमच्या आजेसासऱ्यांनी घालून दिलंय म्हणे, की ताकदीचं जे काही असेल ते आधी सांडाच्या पोटात आणि मग धन्याच्या. उडदाचे लाडू केले? आधी दिवाणला, मग ह्यांना. दुधात बदाम उगाळले? आधी दिवाणला, मग ह्यांना. ह्यांना खोकला झाला, मी आलं-तुळशीचा काढा केला, तर हे खोकत खोकत बादली घेऊन गोठ्यात, दिवाण प्यायला, त्याला उचक्या लागल्या, मग हे प्यायले. आणि उलट पण तसंच बरं का! दिवाण ज्याला तोंड लावणार नाही, ते धन्यानं वर्ज्य. एका हिवाळ्यात दिवाणनं गाजर हुंगलं आणि मान फिरवली. झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात गाजर बंद. मला गाजराची कोशिंबीर किती आवडते! पण सांडाला आवडत नाही ना, मग संपला विषय. हे गाजर लक्षात ठेवा हं, पुढं कामाला येणार आहे.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यात गेलं. हे मी हसत सांगत नाही, बायांनो. चार दिवस भिंतीकडं तोंड करून पडले होते मी, खूप रडले, आणि पाचव्या दिवशी केळीला पाणी द्यायला उठले. पुढं ते कुणालाच आठवेना. मी एकदा आठवण काढली तर सासूबाई म्हणाल्या, "ते काय मोजायचं व?" मी मोजते. मी अजून मोजते.

तर त्याच साली पोळ्याला आमच्या घरात लीलाधर आला. लीलाधर म्हणजे बुऱ्हाणपूरच्या कुठल्याशा दवाखान्यात बाटल्या धुवायचा, तेवढ्या विद्येवर सायकलच्या मागं पेटी बांधून गावोगाव सुया टोचत फिरतो, डोळ्यावर काळा चष्मा, पावसात पण काढत नाही. ह्यांच्या डोक्यात तेव्हा एकच वेड. सरकार गावातला एक सांड पसंत करणार, त्याच्या गळ्यात पितळी बिल्ला घालणार, आणि तो बिल्ला दिवाणच्याच गळ्यात पडला पाहिजे! लीलाधरनं ते हेरलं. पेटी उघडली, तेलासारखं पिवळं औषध उन्हात धरलं आणि म्हणतो कसा, "चुडामणभाऊ, ये देखो! विलायती! मर्द का रस, सीधा बोतल में! सांड को लगाओ, फिर देखना, सांड का भी बाप बन जाएगा!" आता सांडाचा बाप झालाय कशाला, सांड आहे तोच बरा आहे, हे माझ्या मनात आलं, पण नव्या सुनेला मन असतं का हो?

ह्यांनी विचारलं, "ताकदीचं आहे?"

"ताकद ही ताकद है, भाऊ!"

ताकदीचं म्हटल्यावर रीत आली की नाही? आलीच! दिवाणची सुई दाभणाएवढी, ह्यांची धाकटी, बाटली मात्र एकच. आधी दिवाणला, मग ह्यांना. तेव्हापासून दर आठवड्याला लीलाधरची घंटी वाजली की दोघं ओट्यापाशी हजर. दिवाण बिनतक्रार उभा राहायचा. हे मात्र दात-ओठ खायचे, माझा हात धरायचे आणि टोचून झालं की म्हणायचे, "काहीच नाही लागलं."

बरं, फरक पडला नाही असं नाही! दिवाणची मान फुगली, खुरांनी जमीन उकरायला लागला, रस्त्यानं बैलगाडी गेली तरी डरकाळ्या. आणि हे? तिसाव्या वर्षी गालावर मुरमं! दाढी सकाळी केली की संध्याकाळी उगवलेली, आवाज असा की चहात साखर कमी पडली तरी शेजारचं कुत्रं पळून जायचं. एकदा विहिरीवरच्या इंजिनाशी भांडले, इंजिन सुरू होईना म्हणून त्याला लाथ घातली, आठ दिवस लंगडत होते. बाकी ताकदीबद्दल माझी तक्रार नव्हती हो, विचारू नका, पदर तोंडाला लावून हसू नका, पुढचं ऐका. ताकद भरपूर. फळ नाही! पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं लागलं. आणि गंमत बघा, तिकडं गोठ्यात पण तेच. गावातल्या गायी दिवाणकडं आणायचे, दिवाण आपलं काम थाटात करायचा, पण गाय फळायची नाही! शेजारच्या कौतिकमामांची कपिला गाय तीनदा आणली, तीनदा उलटली, पुन्हा माजावर आली. मग खापर कुणाच्या डोक्यावर? कपिलेच्या! "गायच वांझ हाये," म्हणे. एक गाय वांझ, दोन गायी वांझ, अकरा गायी वांझ! अख्ख्या दापोऱ्यातल्या गायी एकदम वांझ झाल्या, पण एकाही माणसाच्या मनात आलं नाही की जरा सांडाकडं बघावं. गायींचं ठीक, त्यांना टोमणे कळत नाहीत. मला कळत होते.

मग सुरू झाले माझे हाल. वडाला फेऱ्या घाल, सोमवार कर, कुणाकडून ताईत, कुणाकडून पाला. तो पाला पण ताकदीचा निघाला, म्हणून आधी दिवाणला! आणि शेवटी सासूबाईंनी रावेरहून आपल्या भावाची लेक आणली, मालू, सतरा वर्षांची, "केळीच्या कामाले मदत हुईन" म्हणून. मदत! मी काय दूधखुळी आहे? माझ्या बांगड्यांचं माप तिच्या हाताला होतं का ते बघताना मी पाहिलं ना सासूबाईंना! मी म्हटलं, "आत्याबाई, आता कायदा झालाय, एक बायको असताना दुसरी करता येत नाही." तर सासूबाई म्हणतात, "कायदा आला असन नागपूरले. आता राज्य भोपाळले गेलं. तुहा कायदा अजून रस्त्यातच असन!" घ्या! तेव्हा नुकतीच आपली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली होती ना, कुणालाच काही कळत नव्हतं, आणि सासूबाईंनी त्या गोंधळात सवत बसवायला घेतली. स्पष्टच सांगितलं मला, "येत्या आखाजीले माहेरी जाशीन ना, तं तवापर्यंत काही असलं तं गाडी येईन घ्यायले. नसलं तं राह्य तिकडंच, झोके घेत." आखाजीला लेकी माहेरी जातात त्या आनंदानं, आणि मी? मला तेव्हापासून झोक्याच्या दोराची भीती वाटायला लागली. हे मात्र माळ्यावरच्या कांद्यासारखे गप्प. इंजिनाला लाथ घालतील, पण आईपुढं एक शब्द नाही!

आणि तशात, मार्गशीर्षात, तो जनावरांचा डॉक्टर आला. नंदकुमार डॉक्टर, नागपूरचा, बारीक मिशी, आणि जन्मभर कुणी रडवल्यासारखा चेहरा. त्याचं पण राज्यासारखंच झालं होतं. बदलीचा अर्ज नागपूरला केला, नागपूरनं भोपाळला धाडला, भोपाळ म्हणे आमच्याकडं ते कपाटच पोचलं नाही. काही विचारा, एकच उत्तर, "वरून हुकूम नाही आला ना जी!" तो सांड पसंत करायला आला होता. एक आमचा दिवाण, आणि दुसरा गावातल्या कडूचा सांड, इतका रोड की त्याच्या फासळ्या लांबून मोजाव्यात. ह्यांनी तर बिल्ल्यासाठी दिवाणच्या गळ्यातला पट्टा आधीच घासून ठेवला होता!

डॉक्टरनं अंगणात टेबल मांडलं, त्यावर दुर्बीण ठेवली, अशी वरून बघायची, काचेखालचं बारीक मोठं दिसतं ती. दोन्ही सांडांचं बीज घेतलं. कसं घेतलं ते विचारू नका, बायकांना हाकलून दिलं होतं, मी केळीच्या खुंटांमागून पाहिलं आणि मला वाटलं, माणूस शिकून काय काय करतो! मग एकेकाला बोलावलं. आधी कडूच्या सांडाचं. कौतिकमामांनी डोळा लावला आणि ओरडले, "अरे बापरे! ही तं इच्छापूरची जत्रा! हे पळू राह्यले, ते घुसू राह्यले, एकमेकाच्या अंगावर!" सगळ्यांनी पाहिलं. कडूची छाती त्याच्या सांडापेक्षा जास्त फुगली. मग काच बदलली, दिवाणची लावली. आधी बघायचा मान ह्यांचा. ह्यांनी डोळा लावला. बघितलं. मान वर केली.

"काच खराब आहे."

डॉक्टरनं काच पुसली. ह्यांनी पुन्हा बघितलं. "उजेड कमी आहे." टेबल उन्हात नेलं. "माझा हा डोळा जरा..." दुसरा डोळा लावा! दुसरा लावला. शेवटी डॉक्टरच बोलला, "पाटील, डोया बदलून काही होत नाही. आत कोणीच नाही." चिटपाखरू नाही हो! एवढं वशिंड, एवढ्या डरकाळ्या, आणि आत सामसूम! सासूबाई ओसरीवरून कडाडल्या, "दुर्बीन फुटेल हाये! कडूनं फोडली!"

डॉक्टरनं मग दिवाणच्या मागं बसून हातानं चाचपलं. "एवढा हत्तीसारखा सांड, अन् गोळ्या एवढ्याशा? याले काही टोचून राहिले का तुम्ही?"

हे म्हणाले, "छे! टोचत काही नाही. फक्त ताकदीचं."

डॉक्टरनं कपाळावर हात मारला. मी केळीमागं होते तरी मला तो आवाज आला. आणि मग त्यानं जे सांगितलं ना, बायांनो, ते मी शाळेत शिकले असते तर माझी तीन वर्षं वाचली असती. "हे पाहा पाटील," म्हणाला, "डोक्यात, मेंदूच्या खाली, एक गाठ असते, हरभऱ्याएवढी. ते समजा राजधानी. अन् खाली त्या दोन गोळ्या, ते समजा गिरणी. राजधानी रक्तातून दोन हुकूम धाडते. एक हुकूम म्हणते, मर्दानी रस बनवा. दुसरा म्हणते, बीज बनवा. बीज बनाले तो हुकूमही लागते अन् गिरणीतला ताजा रसही लागते, तिथल्या तिथं, भरपूर. आता रस जास्त झाला की राजधानीले खबर जाते, पुरे! मग ते हुकूम कमी करते. रस कमी पडला की पुन्हा वाढवते. असा कारभार जनमभर चालू असते. तुम्ही काय केलं? रस बाहेरून ओतला! राजधानीनं पाहिलं, अरे, रक्त तं रसानं भरून आहे, खाली लय माल बनून राहिला, बंद करा! दोन्ही हुकूम बंद. गिरणीले कुलूप. सुईतला रस रक्तात फिरते, त्याच्यानं मान फुगते, डरकाळी निघते, पण गिरणीत जेवढा लागते तेवढा तो पोचत नाही. मग बीज कुठून येईन? वरून हुकूमच नाही ना जी!" हे शेवटचं म्हणताना तो स्वतःच भोपाळच्या दिशेला बघायला लागला. त्याला त्याचा अर्ज आठवला असणार.

माझा बाप गिरणीतला, मला भोंगा कळतो, कुलूप कळतं. मला एका दमात समजलं. तेवढ्यात कौतिकमामा म्हणाले, "म्हंजे आमच्या गायी चांगल्या होत्या?" डॉक्टर म्हणाला, "एकदम चांगल्या! अन् हे सांडाचंच नाही. बोकड, घोडा, कुत्रा, उंदीर, माणूस, जे जे लेकराले दूध पाजते त्या समद्या जातीत नराचा कारभार हाच!"

माणूस! माझ्या हातातलं केळीचं पान गळून पडलं. मी बोटं मोजायला लागले. पोळा, सुई. सुईच्या आधी मला दिवस गेले होते. सुईच्या नंतर नाही. अकरा गायी आणि बारावी मी, एकाच बाटलीच्या बळी! आणि तीन वर्षं पाला कुणी खाल्ला? मी! उपास कुणी केले? मी! बायांनो, तेव्हा मला पहिल्यांदा रडू नाही आलं, संताप आला, असा की दिवाणसारखी जमीन उकरावी.

डॉक्टर विहिरीवर हात धूत होता. मी पदर नाकापर्यंत ओढला आणि गेले. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, समजा एखाद्या घरात रीत आहे, की सांडाला जे द्यायचं ते मग धन्यानं पण घ्यायचं..." त्याच्या हातातला साबण विहिरीत पडला.

"बाई," म्हणाला, "मी जनावरांचा डॉक्टर आहो."

"म्हणूनच तर तुम्हाला विचारते!"

तो बिचारा लाल झाला, इकडं-तिकडं बघितलं, मग केळीकडं तोंड करून बोलायला लागला, केळीलाच सांगतोय असं. "सुई बंद करा. राजधानी हळूहळू जागी होईन. माणसात बीज तयार व्हाले सत्तर-पंच्याहत्तर दिवस तं नुसते लागतेच. चार महिने, सहा महिने, कमी-जास्त. लवकर झालं तं नशीब." मी पुन्हा बोटं मोजली. मार्गशीर्ष ते वैशाखातली आखाजी, पाच महिने. नशीब पाहिजे होतं, आणि नशिबाच्या आधी सुई बंद व्हायला पाहिजे होती.

आता ती बंद कशी करायची? नवऱ्याला सांगायचं, अहो, तुमची गिरणी बंद आहे? सांगा बरं, तुमच्यापैकी कोण सांगेल? मी नुसतं आडून म्हटलं, "डॉक्टर म्हणाले की माणसाचं पण तसंच असतं." तर केवढ्यानं ओरडले! "मी काय सांड आहे?" तीन वर्षं सांडाच्या पंगतीला बसलेला माणूस मला विचारतो, मी काय सांड आहे! पुढच्या आठवड्यात लीलाधरची घंटी वाजली. दिवाणला डॉक्टरनं बंद सांगितलेलं, बिल्ल्याच्या आशेनं ते ह्यांनी मुकाट ऐकलं. पण स्वतः बाही वर करून ओट्यावर बसले! तेव्हा, बायांनो, मला गाजर आठवलं. मी सरळ सासूबाईंना बाहेर बोलावलं. म्हटलं, "आत्याबाई, मी शहरातली, मला तुमची रीत नीट कळत नाही, म्हणून विचारते. दिवाणनं गाजर सोडलं, तेव्हा ह्यांनी सोडलं की नाही?"

"सोडलं! रीत हाये ती!"

"मग दिवाणची सुई सुटली, आणि ह्यांनी एकट्यानं घेतलेली चालते? सांडाच्या आधी धन्यानं?"

सासूबाईंच्या डोळ्यांसमोर त्यांचे सासरे उभे राहिले असावेत. "चुडामण!" अशी आरोळी ठोकली की दिवाणनं पण कान टवकारले. "बाही खाली कर! दिवाणनं सोडलं ते तू सोडलं! मह्या सासऱ्याची रीत मोडशीन काय?" ह्यांनी बाही खाली केली. लीलाधर "मगर भाभीजी, कोर्स अधूरा..." म्हणत होता, सासूबाईंनी खराटा उचलला, सायकल पळाली.

मग काय, दोघंही ढिले पडले. सुई गेली आणि राजधानी अजून झोपलेली, मधल्या काळात आत ना घरचा रस ना बाहेरचा. दिवाण दिवसभर बसून रवंथ करायचा, हे खाटेवर बसून दिवाणकडं बघायचे. डरकाळी नाही, भांडण नाही. एकदा चहात साखर घालायची मी विसरलेच, तर निमूट प्यायले. मला कीव आली हो, खोटं कशाला सांगू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही शेजारी बसून शांतपणे बोललो. आणि ती मालू, ती बिचारी मला एक दिवस म्हणाली, "वहिनी, मले तुमच्या जागी नाही यायचं व, मले ते सांडाले पाया पडनं जमत नाही." मी तिला पोटाशी धरलं. तिचा काय दोष?

फाल्गुनात डॉक्टर पुन्हा आला. त्याचा हुकूम आला नव्हताच, दुर्बीण मात्र आणली होती. दिवाणची काच लावली, आणि कौतिकमामा म्हणाले, "जत्रा नाही, पन आठवड्याचा बाजार भरला बुवा!" झाला दिवाण पास! बिल्ला मिळाला, ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बिल्ल्यासोबत सरकारी ट्रक पण आला, दिवाणला पैदाशीच्या केंद्रावर घेऊन गेला. रिकामा खुंटा बघून सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. आणि मी मनात म्हणत होते, अरे, त्याची राजधानी जागी झाली, मग आमची कधी होणार?

आखाजी आली. माझं बोचकं बांधलं गेलं. खरं सांगते, त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येक भांड्याला हात लावून निघाले, परत येईन की नाही माहीत नव्हतं. माहेरी मैत्रिणी झोक्यावर गाणी म्हणतायत, आईनं आमरस आणि खापरावरची पुरणपोळी वाढली, मी घास उचलला... आणि आमरसाच्या वासानं पोटात असं ढवळलं की मी ताटावरून उठून पळाले! आई मागं मागं. "काय झालं ग?" मी ओकत होते आणि हसत होते, हसत होते आणि रडत होते. बापानं दापोऱ्याला निरोप धाडला. त्याच दिवशी संध्याकाळी गाडी! पुढं बसून कोण आलं? सासूबाई स्वतः! बैलांना घुंगरं बांधून!

पौषात ही झाली. बघा की, अशी बघते जशी काही सगळं तिला ठाऊक आहे. आता तुम्ही म्हणाल, मग झालं ना, कशाला कुरकुरतेस? ऐका! श्रेय कुणाला? सासूबाई म्हणतात, मह्या देवीचा नवस. आणि हे? हे चारचौघांत मिशीवर ताव देऊन सांगतात, "तीन वर्षं सुया घेतल्या, ताकद साठली होती, ती आता बाहेर आली!" साठली होती! लीलाधर पण परत आला, काळा चष्मा लावून, "भाभीजी, दवा अच्छी है, बस असर देर से करती है।" दोष होता तेव्हा सगळा माझा, गुण आला तेव्हा बाटलीचा!

आणि परवा काय ठरलं ठाऊक आहे? पोरगी झाली ना, आता पोरगा पाहिजे. पोरग्याला जास्त ताकद लागते म्हणे. म्हणून सुई पुन्हा सुरू! मी म्हटलं, "अहो, आणि रीत?" तर सासूबाईंनी तोड काढली. दिवाण नाही तर दिवाणचा खुंटा आहे! आता सुई आधी खुंट्याला टेकवतात, मग ह्यांना.

ओरडणार होते मी. डॉक्टर, राजधानी, गिरणी, सगळं सांगणार होते, तोंड उघडलं होतं. पण ही मांडीवर पीत होती, माझी पाठ मोडून आलेली, कंबर अजून जागेवर नाही, आणि सासूबाई म्हणत होत्या, वर्षाच्या आत पाळणा पुन्हा हलला पाहिजे. मी तोंड मिटलं. म्हटलं, घ्या! आता सुई मीच उकळून देते, चांगली दहा मिनिटं, आणि लीलाधरला चहा पण देते, साखर घालून. उद्या पोरगा झाला नाही की खापर कुणाच्या डोक्यावर, ते काय मला ठाऊक नाही? माझ्याच! फुटू द्या. सवय आहे डोक्याला.

"रंभे! नाक घासलं का व?"

घासते, आत्याबाई, आलेच! चला बायांनो, धरा हिला जरा. घासते नाक आणि मागते देवीला, बाई, दुसरं काही नको, ही चालायला लागेपर्यंत त्या लीलाधरची सायकल पंक्चर होऊ देऊ नकोस!